मांडवातले चार दिवस

माझ्या पायाला तेव्हा भिंगरी होती. वर्गात तासभर बसणं म्हणजे शिक्षा. म्हणून धुळ्याच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांनी वसतिगृहामागच्या पडीक जागेत भाजी लावायचं काढलं, तेव्हा पहिलं नाव मी दिलं. मेसमध्ये दोन्ही वेळा बटाटा आणि डाळ, हिरवं पान नजरेला पडायचं नाही. सर म्हणाले, विद्यार्थ्यांनीच पिकवायचं आणि सगळ्या कॉलेजानं खायचं. नऊ मुलगे आणि आम्ही तीन मुली. कामं वाटून देणं माझ्याकडे आलं, आणि ते मी चांगलीच दादागिरी करून करायचे.

सर त्याला ग्रीनहाऊस म्हणायचे. त्यांच्या पुस्तकात काचेचं घर होतं. आमच्या उन्हात काचेखाली भाजी उगवली नसती, शिजली असती! मग सरांनी भडगावकडून एक नाना आणले. नानांचा जन्म नागवेलीच्या पानमळ्यात गेलेला, सावली कशी बांधायची ते त्यांच्या हाताला ठाऊक. बांबूचे खांब, वर पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचं छत, पश्चिमेला गोणपाटाचे पडदे आणि दुपारी त्या पडद्यांवर पाणी मारायचं. नाना त्याला मांडव म्हणायचे. बाहेर अंग भाजायचं आणि आत पालक, चुका, पोकळा गार उभा. पानमळ्याचे नियमही नाना बरोबर घेऊन आले होते. चपला बाहेर, आत थुंकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. एक नियम त्यांनी आम्हाला सांगितलाच नव्हता, कारण त्यांच्याकडे तो कुणाला सांगावा लागत नसे.

फाल्गुनात एका सकाळी चुक्याचा अख्खा वाफा मान टाकून पडला. नाना उकिडवे बसले, एक पान बोटांत चुरगाळलं आणि म्हणाले, "बठ्ठं बसी गयं. चार दिनवाली कोन्ही तरी मझार उनी. मळाले समजस."

म्हणजे चार दिवसांची कुणीतरी आत आली होती आणि मळ्याला ते कळलं होतं. आदल्या दिवशी त्या वाफ्याला पाणी मी घातलं होतं, आणि तो माझा दुसरा दिवस होता.

मी मावशीकडे राहायचे. महिन्याचे ते चार दिवस घरी कोपऱ्यात कांबळ्यावर बसायचं, ताट लांबून सरकवलं जायचं. कॉलेजात मात्र बाकावर सगळ्यांच्या बरोबरीनं. तिथं कुणाला काही कळायचं नाही, म्हणून तर कॉलेज मला इतकं आवडायचं.

सरांनी एक रोप उपटून मूळ दाखवलं. काळं, कुजलेलं. "पाणी जास्त झालंय," ते म्हणाले. पण नाना आपली पिशवी भरायला लागले होते, आणि नाना गेले तर मांडव सांभाळणार कोण? सरांनी आम्हा तिघींना बाजूला बोलावलं आणि छताकडे बघत म्हणाले, "तुम्ही... म्हणजे त्या वेळी... बाहेरची कामं घेत जा. तुमचं तुम्ही समजून." एवढ्या शिकलेल्या माणसाला एक शब्द उच्चारवेना!

माझं डोकं असं तापलं! मी चार दिवस बाहेर बसले की नऊच्या नऊ मुलगे बोटं मोजणार. त्यापेक्षा घरचा कोपरा परवडला, तिथं निदान माणसं आपली. बरं, काम सोडून द्यावं, तर ही एकच जागा होती जिथं मी हुकूम सोडायचे आणि कुणी 'पोरीच्या जातीला शोभत नाही' म्हणायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, खरंच माझ्यामुळे झालं असेल का, हा किडा डोक्यातून जाईना. अर्धं मन सरांकडे, अर्धं नानांकडे. जेवताना तेच, वाचताना तेच. परीक्षा तोंडावर आली होती आणि पुस्तकात लक्ष नाही. त्या महिन्यात मी मावशीवर, मैत्रिणींवर, नळावरच्या बायांवरसुद्धा खेकसत होते.

शेवटी म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. बघायचंच.

पुढच्या महिन्यात ते दिवस आले, तेव्हा मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. दाराजवळचा पालकाचा वाफा माझा एकटीचा ठेवला. चारही दिवस आत गेले. बेतानं पाणी घातलं, तण काढलं, पानांना हात लावला, मुद्दाम लावला. मनात त्या वाफ्याला म्हणत होते, मरायचं तर मर बाबा, पण एकदाचं काय ते सांग. पाचव्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता धावत गेले. पालक तरारून उभा होता. आठवड्यानं तो सगळ्या वाफ्यांत उंच. नानांनी स्वतः त्याच्या जुड्या बांधल्या आणि एक हुंगून म्हणाले, "याले म्हनतस भाजी!"

त्या दिवशी भाजी पिकवणाऱ्या सगळ्यांना मेसमध्ये जेवण होतं. डाळ घालून त्याच पालकाची पातळ भाजी केली होती. नाना भाकरी कुस्करून, दोनदा वाढून घेऊन जेवले. मी समोरच्या पंगतीत बसून बघत होते. सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हातारा भरल्या ताटावरून उठला असता, आणि गोष्ट मावशीच्या कानावर गेली असती तर माझं कॉलेज बंद. गिळलं झालं.

जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं. शिरपूरहून आलेली पहिल्या वर्षाची एक मुलगी आमच्यात आली. अबोल, पण बी पेरायला तिच्यासारखा हात कुणाचा नाही. महिना झाला असेल. एके दिवशी ती मांडवाच्या दाराशी चपला न काढताच उभी राहिली. चार हातांवर नाना सुतळी वळत बसले होते. ती अगदी हळू म्हणाली, "ताई, आज मला... मी आत येऊ का?"

मला उत्तर माहीत होतं. सगळ्या कॉलेजात फक्त मलाच माहीत होतं. मी नानांकडे पाहिलं.

"चार दिवसांनी ये," मी म्हणाले.

ती वळली. दोन पावलांवर थांबून तिनं विचारलं, "तुम्हीपण बाहेर बसता का हो, ताई?"

"हो," मी म्हणाले. "मीपण."