आप्पांची शोकेस

आप्पा स्वतः उभारलेल्या देखाव्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि लोकांच्या पायांकडे बघायचे. तोंडावर दिसतं ते खरं नसतं, असं त्यांचं म्हणणं. माणूस नाक मुरडत का बघत असेना, त्याची टाच नीट टेकली की तो आता हलत नाही. "टाच टेकली का बघ. बाकी समदं सोड," एवढं एकच ते शिकवायचे.

सांगलीत आणि आसपासच्या गावांत गणपतीतले जिवंत देखावे बसवावेत ते आप्पांनीच. आमच्या कुंडलच्या मंडळात मी त्यांची हुंडाबळी होते. जळक्या साडीत पापणी न हलवता पडून राहायचं. समोर बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि हे गृहस्थ त्यांच्या चपला न्याहाळत उभे. गेल्या उन्हाळ्यात ते गेले, तेव्हा सगळे म्हणाले, मोठा कलावंत गेला. होतेच ते. मी कुठं नाही म्हणते?

शिक्षण झाल्यावर मी सांगलीत वैशालीताईंच्या मेकअपच्या दुकानात तात्पुरती लागले. काम पुसापुशीचं आणि खोकी फोडायचं. पण काउंटरवरची एक जागा रिकामी होती आणि माझा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. भावानं बजावलं होतं, दिवाळीपर्यंत कायम झालीस तर राहा, नाहीतर गपगुमान घरी ये, स्थळं खोळंबली आहेत.

त्याच सुमारास कंपनीची नवी लिपस्टिक आली आणि कंपनीनं आमच्या शोकेसमध्ये एक पडदा बसवला. बाहेर काचेपुढं उभं राहायचं, खालचं रंगीत बटण दाबायचं, की पडद्यावर आपलाच चेहरा आणि ओठांवर तो रंग. पुण्यात म्हणे झुंबड उडाली होती. आमच्या दुकानाचं तोंड पश्चिमेला. दुपारनंतर पडद्यावर नुसतं ऊन. लोक वाकून बघायचे, काही दिसलं नाही की काचेत केस सारखे करून चालू पडायचे. वैशालीताई वैतागल्या आणि त्यांनी आप्पांना बोलावलं.

आप्पांनी आधी पडदा उतरवला. बटणं तेवढी ठेवली, प्रत्येकाला आत त्या त्या रंगाचा दिवा जोडला आणि दिव्यांपुढं खुर्ची मांडली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ही आपलीच हाय," ते वैशालीताईंना म्हणाले. "बसवा हिला. भाईर बटण दाबलं की ही आत त्यो रंग लावंल. दुसरं दाबलं की पुसंल आन् त्यो लावंल."

जमेल का, असं ताईंनी विचारायच्या आत मी मान हलवली होती. आठवडाभर बस, मग काउंटरचं बघू, असं त्या म्हणाल्या.

गर्दी किती झाली ते विचारू नका. कॉलेजची पोरं लाल, जांभळा, पुन्हा लाल, अशी चेकाळल्यासारखी बटणं दाबायची. आया लेकरांना कडेवर घेऊन दाबायला लावायच्या. पुसून पुसून माझे ओठ सोलले. मग रंग झोंबायला लागला. एका संध्याकाळी तर कापसावर रंग कुठला आणि रक्त कुठलं, काही कळेना. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी बाहेर आप्पांकडे बघितलं. ते पाठमोरे उभे. मला वाटलं, पोरं आता ओशाळून निघून जातील. कसली जातात! मागचे होते तेही पुढं सरकले.

दुकान बंद झाल्यावर आप्पांनी ओठांना लावायला तूप आणून दिलं. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्याला दया आली, आता हे थांबवतील.

"उद्या दिवं लागायच्या येळंला जमंल का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"रडायला. तवा पेठंत लय माणूस असतंय." मग ते अगदी मायेनं म्हणाले, "दुखतंय, म्हाईत हाय मला, बाय. पर दुखणं वाया घालवू नगंस."

मग मी रोज दिवे लागले की रडायला लागले. काउंटरसाठी सगळं करायला तयार होते मी. शेवटच्या दिवशी मात्र पाणीच येईना. ओठ बधिर झाले होते. बाहेर लोक ताटकळलेले. आप्पा मागच्या दारानं आत आले आणि दिवा नीट करायच्या निमित्तानं माझ्या कानाशी वाकले.

"काउंटरची जागा ताईंनी दुसरीला दिली. सोललेल्या ओठांची पोरगी लिपस्टिक कशी इकणार, म्हणाल्या."

मी अशी रडले की बाहेर रस्ता अडला. आणि रडता रडता मनात म्हणत होते, काय डोकं आहे म्हाताऱ्याचं! मला रडवायला कसलं खोटं शोधून काढलं! जागा आपलीच, याबद्दल मला शंकासुद्धा आली नाही.

शोकेस बंद झाली तशी मी तोंड धुऊन हसतच वैशालीताईंकडे गेले आणि आप्पांची गंमत सांगितली. त्या हसल्या नाहीत. एका नव्या मुलीला काउंटरवरचा कोट घालून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, तुझे ओठ बरे होऊ देत, मग बघू."

आप्पा शिडीवर चढून दिवे काढत होते. तुम्हाला कधी कळलं, असं मी विचारलं.

"सकाळीच."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"सकाळीच रडून मोकळी झाली असतीस," ते खाली न बघता म्हणाले. "शिडी धर जरा, हालतीया."

मी धरली. मेला पडावा असं मनापासून वाटत होतं, तरी धरली. सगळे दिवे उतरल्यावर ते खाली आले, हात झटकले आणि पुढच्या गणपतीत येशील का, म्हणून विचारलं. तुळशीचं लग्न लागलं आणि पहिल्याच मुहूर्तावर माझं उरकलं.