स्क्रूवरचा लाल ठिपका

धुळ्याच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी जुनी गाडी घेतली. दीपनगरच्या वसाहतीतून आवराआवर करून पुण्याला निघालेल्या एका इंजिनिअरांची ती होती. परदेशी, चाळीस वर्षांची आणि क्लच नसलेली. देवपुरात आमच्या गल्लीतले लोक खिडकीतून वाकून आत बघत आणि विचारत, "सर, एक पेडल कुठं गेलं?" मी समजावून सांगायचो. इतक्या हौसेनं मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. दुसऱ्यांच्या मिरवण्याला मी आयुष्यभर हसलो होतो, आणि तरीही गाडी मुद्दाम ओट्यासमोर आडवी लावायचो.

तिचं दुखणं एकच होतं. सुरू नीट व्हायची, पळायची नीट. पण गिअरचा दांडा 'डी'वर, म्हणजे पुढं जायच्या खुणेवर, ठेवून ब्रेक दाबून उभी राहिली की इंजिन थरथरायचं आणि बंद पडायचं. साध्या गाडीत आपण क्लच दाबून इंजिनाला चाकांपासून मोकळं करतो. हिच्यात गाडी उभी असतानाही इंजिन चाकांना ढकलतच असतं. त्यामुळे त्याची उभ्या जागची चाल, ज्याला गॅरेजवाले आयडलिंग म्हणतात, ती जरा जरी कमी पडली तरी ते मान टाकतं.

पांझरा नदीच्या पलीकडे एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं पत्र्याचं गॅरेज आहे. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही. अमळनेरच्या माझ्या मेव्हण्यांचे, म्हणजे आबांचे, दोन टेम्पो रोज सरकीची ढेप घेऊन धुळ्याला येतात. त्यांची दुरुस्ती कित्येक वर्षं चाचांकडेच होती. आबांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि आबांनी जाहीर केलं की नवरदेव दाजींच्या, म्हणजे माझ्या, परदेशी गाडीतून निघणार. पत्रिकेचं वजन पाहूनच मला लग्नाचा अंदाज आला होता. मी घरी दोन-चार खोचक वाक्यं बोललो आणि गाडी घेऊन चाचांकडे गेलो.

चाचांनी इंजिन तापू दिलं. मग एकेक रबरी नळी चिमटीत दाबत गेले. एक नळी दाबताच थरथर थांबली. "ही घ्या, हवा पिऊन ऱ्हायनी," ते म्हणाले. नळी चिरलेली होती. ती बदलून त्यांनी चाकांना विटा लावल्या, मला ब्रेकवर बसवलं आणि दांडा 'डी'वर ठेवायला सांगितला. इंजिनावर पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला ठेवला. पाण्यावरच्या लाटा बघत ते एक बारीक स्क्रू फिरवत राहिले. पाणी जवळजवळ निवांत झालं, तसं खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढून त्यांनी स्क्रूवर ठिपका दिला, निम्मा स्क्रूच्या डोक्यावर आणि निम्मा बाजूच्या धातूवर.

"हे कशाला, चाचा? नवरी सजवताय?"

"स्क्रू हलना का ठिपका तुटस. आते बठ्ठं बराबर शे. सकाळी थंड ऱ्हाई तवर जरा कुरकुर करी, करू द्या. फक्त स्क्रूले हात नका लावा, सर."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी गाडीनं कुरकुर केली. माझ्याकडे गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात इंजिनाचे फेरे मिनिटाला किती असावेत, याचा आकडा छापला होता. काट्यावर आकडा कमी दिसला. छापील आकड्यावर माझा विश्वास जुना आहे, आणि पत्र्याच्या गॅरेजातला पाण्याचा पेला मला तसा गमतीचाच वाटला होता. मी स्क्रू अर्धा फेरा फिरवला. इंजिन ऐटीत बोलू लागलं. तो आकडा तापलेल्या इंजिनाचा होता, आणि मी थंड इंजिनावर जुळवला. हे त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं, मी नंतर वाचलं.

अमळनेरला भर दुपारी वरात निघाली. इंजिन तापलं तशी त्याची चाल वाढत गेली. ब्रेकवरून पाय जरा सैल झाला की गाडी दावणीच्या बैलासारखी पुढं ओढायची. पुढं बँड, मागं फेटे, आणि मी एका पायावर तोल सांभाळत बसलेलो. तासाभरानं पोटरी थरथरायला लागली. एवढ्यात एका गच्चीवरून नगरपालिकेच्या कुणा माजी अध्यक्षांनी मला नमस्कार केला. अशा माणसांना मी सहसा ओळख देत नाही. त्या दिवशी मात्र स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले, मान लववली, आणि त्या लववण्यात पाय सुटला.

गाडीनं झेप घेतली. पुढचा ढोलवाला गुडघ्यांवर पडला, ढोल बंपरखाली गेला आणि फुटला.

"ओ सर! मन्हा ढोल फुटना ना!"

त्याचे गुडघे खरचटले होते, त्याहून जास्त काही नाही. पण बँड थांबला होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. आबा धावत आले. "दाजी, काय झालं?"

मला उत्तर सुचायला वेळ लागला नाही, याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. मी म्हणालो, "त्या चाचांनी सेटिंग बिघडवून ठेवलंय."

"तरी मी म्हणत होतो, म्हातारा आता थकला," आबा म्हणाले. तसं ते कधीच म्हणत नव्हते. ढोलवाल्याला त्यांनी नवा ढोल देतो म्हणून शांत केलं आणि दुसऱ्याच आठवड्यात दोन्ही टेम्पो दुसऱ्या गॅरेजला लावले.

मी गाडी चाचांकडे नेली. आणखी कुणाला ती जमणार होती? त्यांनी बॉनेट उघडलं आणि वाकून बघितलं. ठिपक्याचे दोन तुकडे झाले होते, एक इकडे, एक तिकडे. स्क्रू उलटा फिरवून त्यांनी दोन्ही तुकडे पुन्हा जुळवले, पेला ठेवला, पाणी निवांत झालेलं बघितलं आणि म्हणाले, "चहा घेशात ना?" मी चहा घेतला. टेम्पोंची नेहमीची जागा रिकामी होती. तिथं एक कोंबडी बसली होती. चहा संपेपर्यंत मी हवामानावर बोललो.

आठ दिवसांनी अमळनेरला जाऊन आबांना खरं सांगितलं. ते हसले. "जाऊ द्या हो दाजी. एवढं काय त्यात?"

"त्यांना फोन करा, आबा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. "हां चाचा. ते आमचे दाजी म्हणताय, चूक त्यांचीच होती. आता मोठ्या मनाचा माणूस, घेतो अंगावर!"

मी हादरलो. माझा खोटेपणा उघडा पडायच्या ऐवजी पुन्हा माझ्याच गळ्यात हार पडत होता, आणि पलीकडे तो ऐकणारा माणूस खरं काय ते जाणून होता. मी फोन ओढून घेतला.

"चाचा, मोठं मन वगैरे काही नाही. स्क्रू मी फिरवला. तुम्ही नको सांगितलं होतं. वरातीत चारचौघांत मी तुमचं नाव घेतलं, तेव्हाही चूक माझी आहे हे मला माहीत होतं."

पलीकडे कुणीतरी पत्रा ठोकत होतं. मग चाचा म्हणाले, "मालूम शे, सर. ठिपका तुटेल व्हता."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही चहा पी ऱ्हायन्तात. मन्हाले वाटनं, कप खाली ठेवशात तवय सांगशात."

आबांनी एवढं ऐकून फोन परत घेतला आणि टेम्पो पाठवतो म्हणाले. एक पाठवला. दुसरा अजून नव्या गॅरेजला जातो. ते गॅरेज जायच्या वाटेवर पडतं, असं ड्रायव्हर म्हणतो. अमळनेरला गेलो की मी आबांना त्याबद्दल विचारतो. दर वेळी ते म्हणतात, "बघू दाजी," आणि मला चहा देतात.