चेंडू झाकून बघणाऱ्या बाई

बाई आधी अंगठ्याने पडद्यावरचा चेंडू झाकायच्या. मग म्हणायच्या, "आता पाय बघ. चेंडूकडे काय, सगळं जग बघतंय."

बहारीनच्या सनद भागातल्या आमच्या ऑफिसात आम्ही अमेरिकेतल्या कॉलेजांचे फुटबॉल सामने बघून अहवाल लिहितो. हा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो. लांब पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलतो, तो रिसीव्हर. दर वर्षी तिकडचे व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आणि त्याची पहिली चाळणी आमच्यासारखे लोक इथे बसून लावतात. हसू नका. आम्हालाही सुरुवातीला हसूच यायचं. आता जांभया येतात.

बाई सांगलीच्या, खो-खो खेळलेल्या. इथेच ईसा टाउनला शाळेत खेळ शिकवायच्या. ओरडून ओरडून आवाज बसला, तेव्हा आमच्याकडे आल्या.

आल्या आल्या घोळ घातला. जो पोरगा एकीकडे जातोय असं दाखवून गर्रकन दुसरीकडे वळेल, त्याला त्या सरळ नापास करायच्या. साहेब वैतागले. बाई ठाम. "खांदा वळला की दिशा ठरली. मागे फिरला तर फाऊल!"

अहो, फाऊल खो-खोत! इथे त्याच हुलकावणीला भाव आहे. कळल्यावर स्वतःच इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "अगंबाई, किती पोरांचं वाटोळं करत होते मी!" मग सुट्टीच्या शुक्रवारी येऊन सगळे अहवाल दुरुस्त केले.

त्यानंतर पडद्यावर तो पोरगा आला. लहानशा कॉलेजातला, काटक. बाईंचा लाडकाच झाला. "झेल बघ रे त्याचा. पाळण्यातलं बाळ उचलावं तसा चेंडू घेतो!"

पण मोसमातले शेवटचे सामने बघताना बाईंनी एक तुकडा थांबवला. तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. "डावीकडे वळताना कचरतोय. गुडघा दुखतोय त्याचा. लपवतोय."

"बाई, नका लिहू," मी म्हणालो. "कुणालाच दिसलेलं नाही ते."

"मला दिसलं ना?"

"निवड हुकेल त्याची."

"आणि याला घेतलं म्हणून दुसऱ्या कुणाची हुकली, तर? तोही कुणाचा तरी मुलगाच आहे."

लिहिलं त्यांनी. ड्राफ्टमध्ये एकामागून एक नावं पुकारली गेली, त्याचं नाव आलं नाही. आमच्या एका ओळीमुळेच, असं म्हणता येणार नाही. तसं नाहीच, असंही छातीठोक म्हणता येत नाही. साहेब मात्र खूश. सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, क्या नजर है आपकी!" बाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

मग त्या दमल्याच. काम चोख, पण प्रत्येक सामना लावण्याआधी एक सुस्कारा. व्हिसा संपत आला, तेव्हा पुन्हा नको म्हणाल्या. विमानतळावर सोडायला मी गेलो. त्यांनी सामान ट्रॉलीवर चढवलं. मग एकदम म्हणाल्या, "शाळेतलं पोर लंगडलं असतं ना, तर आधी खाली बसवून विचारलं असतं, दुखतंय का रे? याचं पाऊल न् पाऊल पाहिलं मी, पण एवढं काही विचारलं नाही."

"विचारणार कसं, बाई? तो कुठे, आपण कुठे."

"तेच तर," म्हणाल्या, आणि ट्रॉली ढकलत आत गेल्या. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

आता रिसीव्हर माझ्याकडे आहेत. काल एक पोरगा उंच उडी मारून पडला आणि उठताना उजवा पाय जपून टेकला. सामना तसाच पुढे गेला.

"दुखतंय का रे?" मी पडद्याला विचारलं, चांगलं मोठ्याने. शेजारचा मलयाळी वळून बघायला लागला.

मग अहवालात लिहून टाकलं, उजवा घोटा कच्चा.