गंगा आपली, रेती परकी

काशीत मरायला म्हणून आलेली माणसं मी जन्मभर पाहते आहे, पण मरणाची एवढी जय्यत तयारी करून इतक्या उत्साहानं जगणारा माणूस माझ्या मोठ्या मामांखेरीज दुसरा झाला नाही. हयात रेल्वेच्या नोकरीत गेली, पासावर सारा देश पालथा घातला आणि निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी संकठा देवीसमोर उभं राहून क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. इथे मरण आलं तर मुक्ती नक्की. हद्दीबाहेर पाऊल असताना आलं, तर सगळं मुसळ केरात. मामी पुण्याला मुलीकडे निघाली की मामा तिला पोहोचवायला कँट स्टेशनवर यायचे, पण डब्यात पाय ठेवायचे नाहीत. गाडी अचानक सुटली तर? सामान फलाटावरूनच खिडकीतून आत ढकलायचे. एकदा लोणच्याची बरणी अशी ढकलली, की समोरच्या गृहस्थांचं धोतर पुण्यापर्यंत मेथीच्या वासानं घमघमत गेलं. मामीच बिचारी वाटभर त्यांची माफी मागत होती.

आणि नेमकी मामी दापोलीकडची, समुद्राकाठी वाढलेली. वाळू दिसली की तिचे पाय थाऱ्यावर राहत नसत. थंडीत गंगा उतरली, की एका रविवारी सगळ्या घराला नावेत घालून ती पलीकडच्या रेतीवर न्यायची. पण पलीकडचा काठ काशीच्या बाहेर! तिथे मेलेला माणूस गाढवाच्या जन्माला जातो, हे बनारसमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामांनी बरेच दिवस विचार करून तोड काढली : गंगा आपली, रेती परकी. नाव रेतीला टेकेपर्यंत ते यायचे आणि मग मागच्या टोकाला पाय पोटाशी घेऊन बसून राहायचे. नाव वल्हवणारा मल्लाह दर वर्षी समजूत घालायचा, "उतर जाईं बाबूजी, बालुए त हौ." उतरा की, वाळूच तर आहे! मामा दर वर्षी त्याच्याकडे असं बघायचे, की जणू त्यानं त्यांना विष प्यायला सांगितलं असावं.

बसल्या जागेवरून ते आमचा वर्ग घ्यायचे. आम्हा भाचरांना पोहता येतं ते या शिकवणीमुळेच. "पाण्याला हुकूम सोडू नकोस, अंग सोड!" हे ते इतक्या जोरात ओरडायचे, की शेजारच्या नावेतले लोकही अंग सैल सोडायचे. पोह्यांत रेती आली तर आधी जिभेनं चाचपायचं, मग चावायचं. ओले कपडे वाळत घालताना वाऱ्याकडच्या कोपऱ्यावर मोठा दगड ठेवायचा. हे सगळं मला अजून उपयोगी पडतं. त्यांचं ताट मात्र मामी गुडघाभर पाण्यातून नावेत नेऊन द्यायची आणि परत येऊन एकटी जेवायची.

एका वर्षी तिनं ताट नेलंच नाही. गुडघे दुखत होते की मन, कोण जाणे. दडपे पोह्यांचं पातेलं पुढ्यात घेऊन ती रेतीत मांडी ठोकून बसली.

"अहो, आज इथे येऊन जेवायचं. माझ्या शेजारी. नाहीतर मी परत यायची नाही."

"अगं, खामखा झमेला करू नकोस! इथे काही झालं तर गाढव होईन मी!"

"आणि मी कुठे बसल्ये? दर वर्षी बसत्ये, तेव्हा मी गाढव झाले तर चालेल? तुम्ही एकटेच जाणार वर?"

एवढा हिशेबी माणूस, पण हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. दोघंही हट्टाला पेटलेली. ऊन कललं, पोहे सुकले, आम्ही भुकेनं कळवळलो. शेवटी मामा उठले. धोतर वर खोचलं, श्वास रोखला आणि शत्रूच्या मुलखात उतरावं तसे रेतीत उतरले. जेवण होईपर्यंत स्वतःची नाडी धरून बसले होते. मामी मात्र इतकी हसत होती, की तिला घास गिळवेना. परत आल्यावर मामांनी प्रायश्चित्त घेतलं आणि पुन्हा व्रत सुरू केलं, आधीपेक्षा कडक.

मामी गेली ती पुण्यात, मुलीकडे असताना. ध्यानीमनी नसताना गेली. निरोप आला तेव्हा तिकडचं सगळं आटोपलेलं होतं. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मल्लाहाला हाक मारली. तेव्हापासून ते रोज रेतीवर जाऊन बसतात. घरच्यांनी समजावून पाहिलं, गुरुजींनी रागावून पाहिलं. मामा बधत नाहीत.

परवा मीच त्यांना आणायला गेले. म्हटलं, "मामा, ऊन वाढलं, चला. इथे काही झालं तर?"

"होऊ दे की. ती पुण्यात गेली, म्हणजे कुठेतरी जन्माला यायचीच. मी एकट्यानं मुक्त होऊन काय करू?" मग मिशीतल्या मिशीत हसले. "गाढव तर गाढव. तिचं सामान कधी डब्यात चढून नीट ठेवून दिलं नाही मी. पुढच्या खेपेला वाहीन."

बोलता बोलता ते हातानं शेजारची रेती सारखी करत होते. मला म्हणाले, "बस जरा."

मी बसले. ती जागा सोडून बसले.