सायरा चेंडू बघायची

संपादक महाशय आणि वाचकहो, आधी माफी मागतो. या सदरातले गूढ अनुभव मी कॉलेजच्या लायब्ररीत उभ्या-उभ्या वाचत आलोय. लिहिणारे कुणी रेल्वेतले अधिकारी असतात, कुणी शिक्षक. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. अब्बांना सही येते, अम्माला तीही येत नाही. परीक्षेचे पेपर सोडले तर एवढं लांब मी कधी काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं तर... आणि माझी गोष्ट भुताखेताची नाही. तीत कुणी दिसत नाही, कुणाचा आवाज येत नाही. तरी ती इथे पाठवतोय, कारण दुसरीकडे कुठे पाठवायची ते मला कळत नाही.

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. जे पुन्हा पुन्हा करून पाहता येतं तेच खरं, असं पहिल्या वर्षाला फिजिक्सच्या सरांनी सांगितलं होतं आणि तेवढं एक वाक्य मी गावभर ऐकवत फिरायचो. म्हणून लोक मला 'कॉलेज' म्हणायचे. "काय कॉलेज, आज शाळा उघडी का?" असं.

ही हकिगत ब्याऐंशी-त्र्याऐंशीची, मुळशी तालुक्यातल्या पौडची. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, दुकानामागे आमच्या दोन खोल्या. मी रोज एस.टी.नं पुण्याला जायचो आणि दुपारी दोनच्या सुमारास परत यायचो. माझं लग्न विसाव्या वर्षीच झालं. मामाची मुलगी, रजिया. दुसऱ्या वर्षाला असताना मुलगी झाली. तिचं नाव सायरा.

रजियाचा भाऊ हमीद कुवेतला वेल्डर आहे. सायराच्या जन्माच्या वेळी तो रजेवर आला, तेव्हा त्यानं दोन वस्तू आणल्या. एक काळा-पांढरा टी.व्ही. आणि एक टी.व्ही. गेम. टी.व्ही.चा काही उपयोग नव्हता. आम्ही डोंगराच्या आड, अँटेना कुठेही फिरवा, पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण गेमला अँटेना लागत नव्हता. चपटा काळा डबा, त्याच्या दोन वायरी, वायरींच्या टोकाला गोल बटणं. बटण फिरवलं की पडद्यावरची पांढरी पट्टी वर-खाली होते. डावीकडे एक पट्टी, उजवीकडे एक, मध्ये पांढरा चौकोनी ठिपका. तोच चेंडू. पंधरा पॉइंट झाले की गेम संपला.

इब्राहिमचाचा टेलर पहिल्यांदा बघून म्हणाले होते, "यवडा समुद्र वलांडून आणलं, आन चेंडू चौकोनी?" पण नंतर तेच सर्वांत जास्त यायचे. शुक्रवारी दुपारी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. हरणाऱ्यानं उठायचं, जिंकणाऱ्यानं बसायचं. रजिया चहा द्यायला आली की चाचा मुद्दाम म्हणायचे, "सूनबाई, जरा ह्या कॉलेजला हरवून दाव." मग ती पदर खोचून बसायची आणि मला खरंच हरवायची. नऊवर पंधरा, सातवर पंधरा. तेवढं हसणं आमच्या घरात त्याआधी कधी झालं नव्हतं.

बाकीचे दिवस मी एकटा खेळायचो. रजिया रात्रभर जागलेली असायची. कॉलेजातून आल्यावर मी सायराला मांडीवर घ्यायचो, म्हणजे तिला तासभर पाठ टेकता यायची. त्या डब्यात एकट्यानं भिंतीशी खेळायचाही गेम होता. एका हातानं पोरीला धरायचं, दुसऱ्या हातानं बटण फिरवायचं. तिच्या टाळूला खोबरेल तेलाचा वास यायचा. मला मित्र फार नाहीत. खरं सांगतो, तेवढं सुख मला आयुष्यात दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

चेंडू पट्टीला लागला की डब्यातून 'टक्' असा आवाज यायचा. त्यानं सायरा झोपेत दचकायची, म्हणून मी डबा उघडून स्पीकरची वायर कापून टाकली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तेच महत्त्वाचं आहे. त्यानंतर आमचा गेम पूर्ण मुका होता.

सायराचे डोळे फार मोठे होते. येईल तो म्हणायचा, काय टपोरे डोळे आहेत पोरीचे. बुबुळांवर निळसर झाक होती, तर अम्मा म्हणायची, आमच्या माहेरची घारी नजर उतरली. उन्हात नेलं की ती डोळे गच्च मिटायची आणि डोळ्यांतून पाणी यायचं. आम्ही म्हणायचो, लाडाची आहे, ऊन सोसत नाही.

तिला तेल लावून न्हाऊ घालायला भागूमावशी यायची. तालुक्यातली निम्मी पोरं तिच्या हातून जन्माला आलेली. सायरा चार महिन्यांची असताना ती एकदा अंगण झाडता झाडता थांबली आणि मला म्हणाली, "बशीर, पोरीची नजर ठरत न्हाई. डाक्टरला दाव."

मी म्हटलं, "मावशी, खुळखुळा वाजवला की वळते ना ती."

"वाजवला की वळती. न वाजवता दावलास का कधी?"

मला राग आला. सहीसुद्धा न येणारी बाई मला प्रयोग कसा करायचा ते सांगत होती... आता लिहिताना शरम वाटते, पण तेव्हा हेच मनात आलं. मी म्हटलं, शुक्रवारी या, सगळ्यांसमोर दाखवतो.

त्या शुक्रवारी मी सायराला मांडीवर घेऊन बसलो. समोर इब्राहिमचाचा. गेम सुरू केला. चेंडू उजवीकडे गेला, सायराची मान उजवीकडे. डावीकडे आला, मान डावीकडे. हळू गेला तर हळू, जोरात गेला तर जोरात. आवाज अजिबात नव्हता. खोलीत पंधरा-वीस माणसं, सगळ्यांनी पाहिलं. भागूमावशी उंबऱ्यावर बसून पूर्ण गेमभर पोरीकडेच बघत होती.

"मग माजंच चुकलं आसंल," ती म्हणाली. "म्हातारी झाले." आणि पुन्हा तिनं तो विषय कधी काढला नाही.

कुणी म्हणेल, तू चेंडूबरोबर डावी-उजवीकडे झुकत असशील, तुझ्या अंगावरून पोरीला कळत असेल. ही शंका मलाही त्याच रात्री आली. मी सायन्सचा विद्यार्थी. म्हणून दुसऱ्या दिवशी सायराला रजियाच्या खांद्यावर दिलं. रजिया टी.व्ही.कडे पाठ करून उभी राहिली. तिला पडदा दिसत नव्हता. चाचा आणि मी खेळलो.

"अवो," रजिया म्हणाली, "हिचं नाक माज्या कानाला लागतंय, मग सुटतंय, मग पुन्ना लागतंय."

चेंडू ज्या बाजूला, सायराची मान त्याच बाजूला. एकदाही चुकलं नाही. मी वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं. निष्कर्ष: दृष्टी उत्तम.

आणखी एक प्रसंग. गेम चालू असताना दुपारी लाइट गेली. आमच्याकडे ते रोजचंच. पडदा काळा झाला, सगळे 'अरे' म्हणून मागे सरकले. सायराची मान मात्र थांबली नाही. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, त्याच लयीत. मग डावीकडे जाऊन ती तशीच राहिली. चाचा म्हणाले, "आऊट झाला वाटतं." सगळे हसले, मीही हसलो. अम्मा एकटी हसली नाही. तिनं पोरीला उचललं आणि आत नेलं.

तेव्हाच मी विचार करायला हवा होता. जे पडद्यावर नाहीच ते ही बघते, तर मग हिला पडदा तरी दिसतो का... पण एवढं साधं मला सुचलं नाही.

सायरा रांगायला लागली आणि भिंतीवर जाऊन आपटू लागली. दुधाची वाटी समोर ठेवली तर बाजूला चाचपडायची. रजिया माझ्याकडे नुसती बघायची. मी म्हणायचो, सगळीच पोरं आपटतात. आणि मनाला शंका चाटून गेली की मी टी.व्ही. लावायचो. ती चेंडूबरोबर मान फिरवायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा. मला आता वाटतं, शेवटचे चार-पाच महिने मी मजेसाठी खेळतच नव्हतो.

दहाव्या महिन्यात हमीद पुन्हा आला. त्यानं तिला उचललं, दारात नेलं, तिच्या डोळ्यांसमोर तळहात हलवला. मग आत येऊन माझ्यासमोर बसला.

"भावजी, उद्या पुण्याला जायचं."

"अरे, तिला दिसतं. मी तुला दाखवतो."

मी गेम लावला. सायरानं चेंडू पाहिला. पूर्ण पंधरा पॉइंट पाहिला. हमीद म्हणाला, "तरी जायचं."

पुण्यातल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात बॅटरी मारली. मग खोलीतले दिवे बंद करून दुसऱ्या एका यंत्रानं पाहिलं. खूप वेळ गेला. दिवे लागल्यावर त्यांनी विचारलं, "किती महिन्यांची?"

"दहा."

"इतके दिवस काय करत होता?"

त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यातलं पाणी आत साठतं, दाब वाढतो, त्यानं डोळा मोठा होतो. जन्मापासूनचा आजार आहे. आतली नस हळूहळू मरते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आणली असती तर ऑपरेशन करून पुष्कळ वाचलं असतं.

मी म्हटलं, "सर, पण तिला दिसतं. काल दुपारी दिसत होतं."

"कुणी सांगितलं?"

"मीच पाहिलं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं."

मी त्यांना सगळं सांगितलं. वायर कापली ते, रजियाची पाठ, वहीतल्या तारखा. त्यांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "हिला उजेड आणि अंधार यांतला फरकही कळत नाही. आणि हे कालपासूनचं नाही. बरेच महिने झालेत. तुम्ही काय पाहिलंत ते मला सांगता येणार नाही."

डाव्या डोळ्याची नस पूर्ण मेली नसेलही, अशी अगदी थोडी आशा होती, म्हणून त्यांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. माझी परीक्षा आठ दिवसांवर होती. अब्बा म्हणाले, "तू पेपर दे. तितं तू काय करणार हायेस?" हमीद आणि रजिया सायराला घेऊन गेले. मी राहिलो.

त्या दिवसांत माझ्याकडून अभ्यास झाला नाही. कॉलेजातून येऊन मी टी.व्ही.समोर बसायचो आणि भिंतीशी खेळायचो. मांडी रिकामी. मग मी प्रयोग सुरू केले. पडद्याचा उजेड कमी-जास्त केला. काचेजवळ गाल नेऊन ऊब लागते का पाहिलं. एका दुपारी डोळ्यांवर रजियाची ओढणी घट्ट बांधली, अम्माला बाजूला बसवलं, गेम चालू केला, आणि चेंडू जिकडे असेल असं वाटेल तिकडे मान वळवत गेलो. चेंडूचा अंदाज चुकला की अम्मानं सांगायचं.

"न्हाई," अम्मा म्हणायची. "न्हाई. आता बी न्हाई. हां... न्हाई, गेला."

बऱ्याच वेळानं तिनं स्वतःच उठून बटण बंद केलं. माझ्या डोळ्यांवरची ओढणी सोडताना म्हणाली, "तिला दिसत न्हवतं, बशीर. ती तुला बघून दावत हुती."

मी विचारलं, "म्हणजे कसं?"

"मला काय म्हाईत. तुला लई आवडायचं ना."

अम्मा म्हणते तसं असेल तर ते मला सर्वांत जास्त नकोसं आहे. म्हणजे माझ्या मुलीनं माझ्यासाठी चेंडू पाहिला, आणि तेवढ्यामुळे मी तिचे डोळे घालवले. तसं नसेल तर काय होतं, ते मला माहीत नाही. आमच्या फिजिक्सच्या सरांना विचारलं, त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि विषय बदलला. वाचकांत कुणी डॉक्टर असतील तर त्यांनी कृपया उत्तर द्यावं. वही मी अजून ठेवली आहे. नोंदी खोट्या नाहीत.

तिसऱ्या पेपराच्या दिवशी परत आलो तेव्हा अब्बा दुकानाच्या फळीवर पत्र घेऊन बसले होते. उघडलेलं नव्हतं. घरात वाचता येणारा मी एकटाच. हमीदच्या अक्षरात पाच-सहा ओळी होत्या. सायराचं ऑपरेशन मंगळवारी झालं. ताप नाही, दूध पिते, रजियाला ओळखते. डाव्या डोळ्याचाही उपयोग झाला नाही. शनिवारी येतो. परत दाखवायला आणायची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

मी ते अब्बांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटची ओळ त्यांना कळली नाही, म्हणून पुन्हा वाचली.