उपग्रहाची तालीम

तमाशाच्या फडात मी माईकवर पुकारा करायचो आणि रंगमंच उभा करणाऱ्या मंडळींवर नजर ठेवायचो. नारायणगावाला लागून असलेल्या वारूळवाडीत आमची पत्र्याची शेड होती. दसऱ्याला फड बाहेर पडायच्या आधी तालमी तिथंच चालत. दोन हजार सालानंतरच्या अशाच एका तालमीच्या हंगामात माझी भाची, निरगुडसरला दिलेल्या बहिणीची मुलगी, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या तिघा मित्रमैत्रिणींना घेऊन शेडच्या दारात उभी राहिली. तिच्या हातात तुपाच्या डब्याएवढी अॅल्युमिनियमची पेटी होती.

"मामा, हा आमचा उपग्रह. म्हणजे त्याचा जुळा भाऊ. खरा कॉलेजात बंद खोलीत आहे, हा सरावाचा."

आमच्या सोंगाड्यानं पेटीभोवती एक फेरी मारली. "पंख न्हाईत, शेपूट न्हाई. ह्यो वर जाणार कसा?"

"दुसऱ्याच्या रॉकेटात बसून."

"म्हंजे वडाप."

भाची त्याच्याकडे बघतच राहिली. "काका, आमच्या सरांना हे समजवायला तास लागतो."

तळेघरच्या बाजूला माणसं कोंबून जाणारी वडापची जीप ज्यानं पाहिली आहे त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. पुढच्या सीटवर बडा पावणा, म्हणजे मोठा उपग्रह. गाडी सुटते ती त्याच्यासाठी. मग उरलेल्या सांदीकोपऱ्यात अशा बारक्या पेट्या बसवायच्या. अख्खं रॉकेट घेण्याची ऐपत नसलेल्या कॉलेजालाही मग आकाश गाठता येतं. फक्त एक आहे, गाडी बारक्या प्रवाशासाठी थांबत नाही.

आणि भाचीचा जीव तिथंच टांगला होता. उड्डाणाआधी रॉकेटवाल्यांच्या केंद्रात पेटी यंत्रावर ठेवून गदागदा हलवणार होते. त्यात काही सुटलं, निसटलं, तर त्याच दिवशी पेटी उघडून, दुरुस्त करून, बंद करून द्यायची.

"आणि न्हाई जमलं तर?" ढोलकीवाल्यानं विचारलं.

"तर आमच्या जागी ठोकळा जाईल. तेवढ्याच वजनाचा भरीव ठोकळा ते तयारच ठेवतात. रॉकेटचा तोल वजनावर बांधलेला असतो, जागा रिकामी ठेवून चालत नाही."

नटाच्या जागी दुसरा नट उभा करणं आम्हाला नवं नव्हतं. पण कॉलेजची सगळी वर्षं राबून केलेलं काम खाली राहणार आणि वर जाणार एक मुका ठोकळा, हे आमच्यातल्या कुणालाही सोसलं नसतं.

"मग उघडायला-मिटायला किती वेळ लागतो तुम्हाला?" मी विचारलं.

"दीड दिवस."

"एवढी पेटी, आणि दीड दिवस?"

"करूनच दाखवतो."

त्यांनी सतरंजीवर पांढरं कापड अंथरलं आणि सुरुवात केली. एकानं स्क्रू सोडला. दुसरीनं विचारलं, हाच आधी का. तिसरा कागद चाळायला लागला. चौथी म्हणाली, मी कालच सांगितलं होतं. पहिला म्हणाला, काल तू होतीस कुठं. ढोलकीवाल्यानं ढोलकी बाजूला ठेवली, मांडी घातली आणि मन लावून बघत राहिला. शेवटी म्हणाला, "लई भारी हाय. ह्योच लावू जत्रंला."

भाची रागावली नाही. लहानपणी तिनं जत्रेत आमचा फड उभा राहताना पाहिला होता. त्या दिवशी घाटात ट्रक अडकला होता आणि आम्ही पोचलो तेव्हा लोक येऊन बसलेही होते. मागचा पडदा अजून बांधत होते तोवर पुढं गण सुरू झाला. "तिथं कुणी कुणाला काही विचारत नव्हतं, मामा. मला तेवढंच पाहिजे. अवकाशाची कामं महाग होतात ती धातूपायी कमी आणि खोळंब्यापायी जास्त. माणसं बसून राहतात, खोल्या अडून राहतात. झटपट आणि बिनचूक तयार होता आलं, तर आमच्यासारखे कितीतरी जण वर जातील."

असं गाऱ्हाणं घेऊन कुणी आलं की मला आवरत नाही. मी तिथल्या तिथं दिग्दर्शक झालो. चौघांना भूमिका वाटल्या, जागा ठरवल्या, प्रत्येकाला वाक्यं दिली. हात हलायच्या आधी तोंडानं सांगायचं, समोरच्यानं ते परत म्हणायचं, मगच हात. "झाकण सोडते." "झाकण धरलं." आपलं वाक्य आल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. पदरचं एक अक्षर घालायचं नाही. हा नियम सांगत होतो मी, आणि ऐकत होती पदरच्या वाक्यांवर पोट भरणारी आमची मंडळी. सोंगाड्याला हसू आवरेना म्हणून त्याला मी विघ्न घालायच्या कामावर नेमलं.

त्यानं पहिल्याच दिवशी एक स्क्रू फेट्यात दडवला. मोजणीत एक कमी भरला. आम्ही सगळे सवयीनं ओरडलो, "चालू ठेवा, चालू ठेवा." आमच्याकडे नाचताना घुंगरू तुटून उडालं तरी नाच थांबत नाही.

"थांबा," भाची म्हणाली. "इथं थांबायचंच. तो स्क्रू पेटीत राहिला असेल, तर वर गेल्यावर तरंगत जाऊन दोन तारांना चिकटेल आणि खेळ खलास."

स्क्रू फेट्यातून बाहेर आला. आमचा वेग तिनं घेतला, आमची सवय तेवढी नाकारली, आणि तेही कुणाचा मान न दुखवता. मला ती पोर त्या क्षणी फार आवडली. दसऱ्यापर्यंत ते चौघे जेवायच्या आधी पेटी उघडून बंद करू लागले. भांडण जेवणानंतरसाठी राखून ठेवायचे.

पुढचं तिनं मला फोनवर सांगितलं. केंद्रात पेटी हलवली आणि आत एक तार सुटली. शेजारच्या टेबलावर ठोकळा आणून ठेवला होता. तिथले मोठे साहेब आले, म्हणाले, संध्याकाळपर्यंत होत नसेल तर आत्ताच सांगा. भाची म्हणाली, होईल. आणि चौघांनी वग सुरू केला.

"झाकण सोडते."

"झाकण धरलं."

साहेबांनी विचारलं, तार कुठली सुटली. कुणी उत्तर दिलं नाही, साहेबांना वाक्यच नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं. चौघे आपापलं म्हणत राहिले, जत्रेत मागच्या रांगेतून आलेल्या आरोळीकडे आमची मंडळी दुर्लक्ष करतात तसं. मग साहेब हात मागे बांधून उभे राहिले. तार जोडली गेली, स्क्रू मोजले, पुन्हा मोजले, झाकण बसलं. भाचीनं मागे वळून तिचं शेवटचं वाक्य म्हटलं, "आता तपासा, सर."

त्यांनी तपासलं. पेटी पुन्हा यंत्रावर हलवली, काही सुटलं नाही. दुपारचा चहासुद्धा अजून आला नव्हता. ठोकळा परत न्यायला त्यांनी माणूस बोलावला.

"मग साहेब रागावले का गं?" मी विचारलं.

"नाही. म्हणाले, हे माझ्या माणसांनाही दाखवायचंय, पुन्हा एकदा करा."

एवढ्या वर्षांत माझ्या कानांनी वन्समोअर कधी नाकारलेला ऐकला नव्हता. "केलंत ना?"

"नाही म्हटलं, मामा. तपासून झालेली ती पेटी आता कुणी उघडायची नाही."