कस्तुराबाईंनी माफी मागितली नाही

लासूर स्टेशनच्या शाळेत गॅदरिंगचं नाटक बसवायचं ते कस्तुराबाईंनीच. त्यांची नाटक कंपनी मोडली, तंबू विकला गेला, तेव्हा वाट्याला आलेली कपड्यांची ट्रंक घेऊन त्या औरंगाबादहून गाडीत बसल्या आणि इथं उतरल्या. धान्याच्या मोंढ्यामागं एक खोली घेतली. वरातीला फेटे, कीर्तनाला उपरणी, शाळेच्या पोरांना मुकुट, असं भाड्यानं देऊन पोट चालायचं. पण जीव तगून होता तो दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांवर. तालमींसाठी हॉलमध्ये टेबलं जोडून केलेल्या त्या डुगडुगत्या स्टेजवर त्या पदर खोचून चढत, आणि पन्नाशीला टेकलेली बाई क्षणात विशीची होई. दुसरं स्टेज त्यांना जगात कुठं उरलं नव्हतं.

मूळची पोर धनगराच्या वाडीवरची. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत बापाच्या मेंढरांमागं पळायची. पुढं जत्रेत नाटकाचा तंबू पाहिला, आणि बापाच्या हाका मागं टाकून ती कंपनीबरोबर गेली ती गेलीच. कंपनीचे कपडे बानाबाई नावाची एक जुनी नटी सांभाळायची. खेळाआधी ती प्रत्येकीला विचारी, ‘‘पांढरं लुगडं चालंल का आज?’’ कनातीपलीकडं पुरुषमंडळी तोंडाला रंग लावत बसलेली असत. सगळं ऐकू जाई. कुणी खाकरत नसे, कुणी दात काढत नसे. राणीचं लुगडं डागाळलं तर खेळ सगळ्यांचाच पडणार, मग लाजायचं कशाला? कस्तुरा शहाणी झाली तेव्हा बानाबाईनं तिला ट्रंकेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. बाईचं अंग कसं, पुरुषाचं कसं, मूल कसं राहतं, कुणाचा हात कधी झटकायचा. कनातीपलीकडच्या पोरसवद्या नटांनीही ते ऐकलं आणि तेही शहाणे झाले. जग असंच चालतं, असं कस्तुराबाईंना बरीच वर्षं वाटत होतं.

त्या वर्षीच्या नाटकात ओढ्याच्या पाण्यावरून भांडणाऱ्या दोन गावांची सोयरीक होते आणि भांडण मिटतं. नवरी नववीतली भागू, नवरदेव तिच्याच वर्गातला बन्सी. भागू म्हणजे सोनं. वाक्य एकदा सांगितलं की पाठ. पण गॅदरिंग तोंडावर आलं आणि लग्नाच्या प्रवेशात ती हात मागं घ्यायला लागली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. एका दुपारी कस्तुराबाई तिला मागच्या खोलीत शालू नेसवत होत्या, तेव्हा तिनं हळूच विचारलं, ‘‘बाई, मनमाडकडची मालगाडी हितं थांबती का नाय?’’

‘‘मालगाडीनं कुणाला जायचंय गं?’’

‘‘कुणाला नाय.’’

‘‘मग? थांबली तर बरं का नाय थांबली तर?’’

भागूनं तोंड भिंतीकडं फिरवलं. कस्तुराबाईंच्या हातातल्या निऱ्या सुटल्या. त्यांनी उठून दार लावलं. ‘‘आता बोल.’’

‘‘मला दिवस गेलेत, बाई.’’

‘‘कुणाचे?’’

‘‘बन्सीचे.’’

‘‘आपल्या बन्सीचे? कुठं?’’

‘‘हितंच. स्टेजवर.’’

‘‘समद्यांच्या म्होरं?’’

‘‘तुमीच तर म्हणले, हात घट धर. अक्षदा पडल्या, मंगलाष्टक झालं. त्याच्यानंतर माझी पाळी आलीच नाय.’’

‘‘हात धरला, बास? दुसरं काय नाय?’’

‘‘देवाशप्पथ नाय.’’

कस्तुराबाईंना हसू फुटणार होतं, तेवढ्यात मालगाडी आठवली. पोर रुळांकडं निघाली होती. पोरीची पाळी सुरू झालेली दसऱ्याला. पहिली एक-दोन वर्षं ती अशी मागंपुढं व्हायचीच, एवढी साधी गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. ती त्यांनी सांगितली. बाकीचंही सांगितलं. भागूनं दोनदा पुन्हा विचारून खात्री करून घेतली, मग भिंतीला टेकून अशी रडली की शालूचा काठ भिजला.

ती शांत झाल्यावर कस्तुराबाई बाहेर आल्या आणि त्यांनी सगळ्या नटमंडळींना, पोरं-पोरी दोघांना, स्टेजवर बसवलं. भागूचं नाव काढलं नाही.

‘‘एक इचारते. खरं बोलायचं. नुसता हात धरल्यानं मूल हुतंय असं कुणाकुणाला वाटतं?’’

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग पहिला हात बन्सीचा वर गेला. त्याच्यामागून एकेक करत निम्म्याहून जास्त.

‘‘बाई, म्या तर शाळा सोडून वाळूजला कंपनीत लागायचं ठरवलं हुतं,’’ बन्सी म्हणाला.

‘‘कशापायी रे?’’

‘‘संसार पडला ना गळ्यात.’’

पोरं खो-खो हसली. कस्तुराबाईंनी हसू दिलं. मग विचारलं, ‘‘पुस्तकात धडा हाय की ह्याचा. शिकवला नाय?’’

‘‘सर म्हणले, घरी वाचा.’’

‘‘आन् घरी?’’

‘‘घरी म्हणतेत, शाळेत इचार.’’

त्या दिवशी तालीम झालीच नाही. बानाबाईनं ट्रंकेवर सांगितलेलं सगळं कस्तुराबाईंनी टेबलावर बसून सांगितलं, आडपडदा न ठेवता आणि चवचालपणाही न करता. पोरांच्या अंगात काय बदलतं, पोरींच्या काय. मूल कशानं राहतं, कशानं राहत नाही. नको वाटणारा हात अंगावर आला, मग तो मामाचा असो की मास्तराचा, तर ओरडायचं आणि कुणाला तरी सांगायचंच. पोरांना वेगळं बजावलं की समोरची नाय म्हणाली म्हणजे नाय. शेवटी शेवटी तर प्रश्न विचारायला नंबर लागले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर रामकिसन सरांच्या खोलीतून बोलावणं आलं. खुर्चीवर काकासाहेब बसले होते. मोठे बागायतदार, शाळा समितीचे अध्यक्ष, आणि भागूचे वडील. गावात बातमी पोचायला एक संध्याकाळ पुरली होती.

‘‘कस्तुराबाई, तुम्ही आमच्या लेकरांना तसलं सांगितलं म्हणं.’’

‘‘कसलं?’’

‘‘तसलं.’’

‘‘काकासाहेब, तकरार करायची तर नाव तरी घ्या तिचं.’’

रामकिसन सर छताच्या पंख्याकडं बघत राहिले. काकासाहेबांचे कान लाल झाले. ‘‘नाटकवाल्या बाईला शाळेत घेतलं, हीच चूक झाली आमची.’’

‘‘दर साली पैल्या रांगेत बसून टाळ्या वाजवता, तवा नाय वाटत चूक?’’

‘‘वेळ आली की आई सांगती पोरीला. शाळेत कशाला पाहिजे हे?’’

‘‘तुमच्या घरी सांगितलं का?’’

‘‘माझ्या घरात गरज नाय. माझी पोर साधी हाय.’’

मालगाडी कस्तुराबाईंच्या जिभेवर आली. एक वाक्य बोललं असतं तर हा माणूस खुर्चीत खचला असता आणि नाटकही वाचलं असतं. पण ते वाक्य भागूचं होतं. तिनं बंद दारामागं विश्वासानं दिलेलं, तिच्याच बापासमोर कसं टाकायचं? त्यांनी ते गिळलं.

‘‘गॅदरिंगला माईकवर या,’’ काकासाहेब म्हणाले, ‘‘माझं चुकलं, मी खोटंनाटं बोलले, असं म्हणा, आन् खुशाल करा नाटक. नाय तर शाळेची पायरी चढायची नाय.’’

‘‘मग नाय चढत,’’ असं म्हणून कस्तुराबाई उठल्या.

ट्रंक उचलायला बन्सी आणि दोन पोरं धावली. व्हरांड्यात रामकिसन सरांनी त्यांना गाठलं. ‘‘बाई, एक शब्द तर आहे. म्हणून टाका. कुणाचं काय जातं?’’

‘‘सर, ज्या लेकरांना म्या खरं सांगितलं, तीच लेकरं खाली बसून माझी माफी ऐकतील. त्यांना वाटंल बाई खोटं बोलली. मग पुन्यांदा ती हात धरल्याला घाबरतील आन् जिथं घाबरायचं तिथं घाबरणार नाहीत. कुणाचं काय जातं म्हणता? तुम्ही तो धडा शिकवला असता तर मला टेबलावर बसायची पाळी आली नसती.’’

रामकिसन सर आठवीच्या वर्गाकडं बघायला लागले. त्यांचा मुलगा याच शाळेत आठवीत होता.

घरी आल्यावर मात्र कस्तुराबाईंनी ट्रंक उघडली, नवरीचा शालू बाहेर काढला आणि तो मांडीवर घेऊन त्या पुष्कळ वेळ बसून राहिल्या. ज्यानं रंगमंच सोडला नाही त्याला ते कळणार नाही. तोंडाला रंग लागल्याशिवाय येणारा पौष महिना कसा असतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळणार होतं.

गॅदरिंग शाळेच्या मैदानात झालं. पायरी चढायची नाही असं ठरलं होतं. मैदानाला पायरी नव्हती. कस्तुराबाई नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून आल्या आणि बायकांच्या पहिल्या रांगेत बसल्या. शेजारच्या बायका जराशा सरकल्या. नाटकाची वेळ आली तेव्हा माईकवरून सांगण्यात आलं की वेळेअभावी ते रद्द झालं आहे. बन्सीनं फेटा बांधला नव्हता, पण तो उठला आणि येऊन कस्तुराबाईंच्या पायाशी बसला. मग भागू आली. मग उरलेली सगळी.

नाचाची कॅसेट अडकली होती. कुणीतरी ती पेन्सिलीनं गुंडाळत होतं आणि मैदान गप्प होतं. तेवढ्यात भागूची आई सरूबाई बायकांमधून वाट काढत आली आणि कस्तुराबाईंजवळ टेकली.

‘‘रातीच्याला भागूनं समदं सांगितलं मला,’’ ती कानाशी कुजबुजली. ‘‘मालगाडीचं बी. बाई, मला काय बोलावं तेच कळंना.’’

‘‘काय बी बोलू नगं. पोर जवळ हाय, बास.’’

‘‘माझी धाकटी सातवीत जाईल आता, मधला पोरगा आठवीत. पोरीला कधी सांगू? आन् कसं? मलाच कुणी सांगितलं नव्हतं.’’

कस्तुराबाईंनी मान वर केली. पलीकडं, स्टेजपुढं मांडलेल्या पाहुण्यांच्या खुर्च्यांवर काकासाहेब बसले होते.

‘‘सातवी म्हंजे उशीर झाला, सरूबाई,’’ त्या म्हणाल्या, आणि त्या अजिबात कुजबुजल्या नाहीत. ‘‘उद्याच्याला घिऊन ये तिला माझ्या खोलीवर. तू बी बस. पाळी का येती, तिथनं सुरू करू.’’

मागच्या बायकांमध्ये कुणाचीतरी बांगडी वाजली, एवढाच आवाज झाला. काकासाहेबांनी मान वळवून पाहिलं. सरूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण जागची उठली नाही.

‘‘आन् तुझ्या पोराला बी आण,’’ कस्तुराबाई पुढं म्हणाल्या. ‘‘त्याला तर आधी.’’